भालांडेश्वराची रानजायफळं

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेत भालांडेश्वराच्या राईत शिरलं की पाय चिखलात रुततात आणि समोर जमिनीतून गुडघे वर काढावेत तशी मुळं दिसतात. ही रानजायफळाची झाडं. दलदलीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वासासाठी अशी वर येतात. देवाचं रान म्हणून गावानं कुऱ्हाड लावली नाही, त्यामुळेच ती राहिली. २०२१ साली राज्य सरकारनं इथली जेमतेम अडीच हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मला मनापासून आनंद झाला.

पण राईत गेलो की मी हल्ली थोराड खोडांकडे कमी बघतो, खाली रोपं किती उगवलीत ते बघतो. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आसपास नर नसेल तर मादी कितीही फुलली तरी बी धरायची नाही. त्यात झाडं मोजकी, म्हणजे पिढ्या गेल्या की सगळी एकमेकांची नात्यातली. जवळच्या नात्यातून आलेलं बी बहुधा दुबळं निघतं, रोप उगवलं तरी रोगाला, दुष्काळाला लवकर बळी पडतं. हे नुकसान लगेच डोळ्यांना दिसत नाही. म्हातारी झाडं वर्षानुवर्षं हिरवीगार उभी असतात आणि आपल्याला वाटतं, रान ठणठणीत आहे.

बी तरी दूर कसं जावं? ते जड, लाल जायपत्रीत गुंडाळलेलं. एवढं बी गिळून दुसरीकडे टाकणारा पक्षी म्हणजे मुख्यतः धनेश. त्याला घरट्याला जुन्या झाडाची मोठी ढोली लागते, आणि तशी झाडं रान तोडून लावलेल्या काजूच्या किंवा रबराच्या बागेत कुठून असणार? शिवाय हे बी वाळलं की मेलं. राईभोवतीचं रान तुटलं की कडेनं ऊन आणि कोरडा वारा आत घुसतो, ओल हटते. पक्ष्यानं बी नेलंच, तरी ते उघड्या डोंगरउतारावर पडून उपयोग नाही.

त्याला ओल आणि सावली मिळेल ती ओहोळांच्या काठी, म्हणून राईइतकीच मला तिच्याबाहेरच्या ओहोळांची काळजी वाटते. बागायतदारांना माझी हात जोडून विनंती आहे: नवी लागवड करताना ओहोळाच्या दोन्ही काठांची रानझाडं राहू द्या, आणि ढोली पडलेलं जुनं झाड निरुपयोगी समजून तोडू नका.