ड्रममागचा श्रमिक

पंक रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट, असे मानणाऱ्यांनी टॉमी रमोन यांचे जीवन पाहावे. १९४९ साली बुडापेस्टमध्ये, नाझी संहारातून बचावलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रण-स्टुडिओत राबून त्यांनी हे तंत्र आत्मसात केले. ‘रमोन्स’ बँडच्या तालाला शिस्त लावली ती त्यांनीच. १९७८ मध्ये वादन सोडून ते निर्मितीकडे वळले.

बँडचा १९७६ चा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरांत तयार झाला. पाच लाख प्रतींचे सुवर्ण प्रमाणपत्र मिळण्यास मात्र २०१४ साल उजाडले. तोवर तिघे मूळ सहकारी निवर्तले होते; त्याच जुलैत टॉमीही गेले. कलावंताच्या श्रमाचे मोल बाजार असे उशिरा मोजतो. म्हणूनच खपाचा आकडा हा कलेचा मापदंड होऊ शकत नाही.