वाटणी

वाचकहो, दिवाळीच्या अंकात वाटणीचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण यंदाची वाटणी भावाभावांची नाही, कागदांची आहे. आणि कागदांची वाटणी नीट झालेली असली म्हणजे माणसांची वाटणी किती सोपी होते, हे मला परवा घरबसल्या पाहावयास मिळाले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, माहेर ढोकीचे. लहानपणी कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीने माहेरी जायचे, ही त्यांची आवडती आठवण. मात्र माहेरचा विषय नेहमी त्या गाडीपाशीच थांबायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, संगणकात म्हणे सगळ्या महाराष्ट्राचे सातबारे आहेत. आमच्या वडिलांच्या जमिनीवर माझं नाव आहे का, तेवढं बघ की."

"काकू, गट नंबर काय?"

"नंबर कुठला आलाय? आंब्याची पट्टी म्हणतात तिला. ओढ्याच्या अलीकडे."

आता पाहा. महाराष्ट्रात महसुली गावे सुमारे 44 हजार, आणि सातबाऱ्याचे उतारे अडीच कोटींच्या घरात. हे सगळे एकाच लांबलचक तक्त्यात एकाखाली एक लिहिले आहेत अशी कल्पना करा. यंत्राने एक ओळ वाचायला सेकंदाचा हजारावा भाग घेतला, तरी अडीच कोटी ओळींना पंचवीस हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सात तास लागतील. काकू तोवर चहा पिऊन, रागावून, खाली जाऊन झोपतील.

ही अडचण जुनीच आहे. रकाने आणि ओळी यांच्या तक्त्यांत माहिती मांडावी आणि तक्ते एकमेकांशी जोडून प्रश्न विचारावे, ही कल्पना एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने आयबीएम कंपनीत असताना 1970 साली मांडली. आज बँक, रेल्वे, विमा, सारे तिच्यावर चालतात. पण तक्ता फुगत गेला की तो वाचणे, सांभाळणे, त्याची नक्कल करून ठेवणे, सारेच जड होते. त्यावर पहिला उपाय म्हणजे सूची, इंडेक्स. शब्दकोशात आपण मधले पान उघडतो, मग अलीकडे की पलीकडे ते ठरवतो. असे अर्धे-अर्धे करीत गेले तर अडीच कोटींतली हवी ती नोंद पंचवीस पावलांत सापडते. चमत्कार वाटतो, पण साधा हिशेब आहे.

मग वाटणी कशाला? कारण सूचीदेखील मोठी होते, आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तीही दुरुस्त करावी लागते. म्हणून शहाणे लोक तक्त्याचे कप्पे पाडतात. त्याला पार्टिशन म्हणतात. बाहेरून तक्ता एकच दिसतो, आत मात्र कप्पे वेगळे. आपण प्रश्नात कप्पा ओळखण्याची खूण दिली, की यंत्र तेवढाच कप्पा उघडते आणि बाकीच्यांना हातही लावीत नाही. ऑरॅकलने ही सोय 1997 च्या सुमारास आणली. पोस्टग्रेसमध्ये ती सुटसुटीत रूपात 2017 साली आली.

आपल्या महसूल खात्याने मात्र ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधी साधली होती. गाव हा कप्पा. गावचे एकवीस नमुने. त्यांतला सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांच्या नोंदीचा, दोन्ही मिळून सातबारा. एका गावच्या दप्तरात दुसऱ्या गावचा कागद नसेच, म्हणून तो चुकीचा सापडण्याचा प्रश्नही नसे. संकेतस्थळावरही तीच रीत आहे: जिल्हा, मग तालुका, गाव, आणि शेवटी गट. अडीच कोटींना 44 हजारांनी भागा. गावाला सरासरी पावणेसहाशेच उतारे येतात! सात तासांचे काम अर्ध्या सेकंदावर आले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसत्या गट नंबराला किंमत नाही. 112 नंबरचा गट ढोकीत असेल, तसा तेरलाही असेल. गाव आणि गट मिळूनच ओळख पटते. पोस्टग्रेसच्या कप्प्यांच्या तक्त्यातही हाच दंडक असतो: कोणतीही नोंद एकमेव आहे अशी ग्वाही हवी असेल, तर कप्प्याची खूण ओळखीत धरावी लागते.

"उस्मानाबाद घाल," काकू म्हणाल्या.

"काकू, 2023 पासून ते धाराशिव."

नावे बदलतात, सरहद्दीही बदलतात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. 1956 साली मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. म्हणजे पाच भरलेले कप्पे एका कपाटातून काढून दुसऱ्यात बसवले. 1982 साली याच उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. कप्पे नीट पाडलेले असले की अशा वेळी ओळ न् ओळ नव्याने लिहावी लागत नाही. कप्पा उचलायचा आणि तिकडे लावायचा. म्हणूनच जाणते लोक कप्प्याची खूण नावावर ठेवीत नाहीत, सांकेतिक क्रमांकावर ठेवतात. आजच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी असा क्रमांक असतो. नाव बदलले तरी क्रमांक आपल्या जागी.

पीकपाहणीचे वेगळे. ती दरवर्षी, हंगामा-हंगामाला वाढत जाते. असल्या तक्त्याचे कप्पे वर्षावार पाडावे. जुने वर्ष कोणी बदलत नाही. तो कप्पा अलगद सोडवून माळ्यावर ठेवता येतो. तेच एकेक ओळ खोडीत बसलो तर यंत्राचा आणि आपला, दोघांचाही जीव जातो. मात्र कप्पे पाडण्याचाही हव्यास नको. प्रत्येक शेताला एक कप्पा केला, तर कोणता कप्पा उघडावा हे ठरवण्यातच वेळ जायचा. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात, सत्तर नसतात.

असो. ढोकीचा कप्पा उघडला. गट नंबर नव्हता, पण गावापुरते नावानेही शोधता येते. मी काकूंचे आडनाव घातले. काही नाही. पुन्हा तपासून घातले. काही नाही.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "वाटलंच होतं. वडील गेले तेव्हा दादा हक्कसोडीवर सही मागत होता. मी दिली नाही. तीस वर्षं झाली, भाऊबीजेला गेले नाही."

मला काय बोलावे सुचेना. इतक्यात आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तुम्ही सासरचं आडनाव घातलंत. ढोकीत त्यांना त्या नावानं कोण ओळखतं?"

वाचकहो, इतका वेळ मी तक्त्यांवर व्याख्यान झोडत होतो आणि पहिला धडाच विसरलो होतो. नोंद ज्या खुणेने ठेवली, त्याच खुणेने विचारावी लागते. दुसऱ्या खुणेने विचारले, तर यंत्र खोटे न बोलताही "नाही" म्हणते.

या खेपेस काकूंचे पहिले नाव घातले. त्या नावाच्या चारजणी निघाल्या. तिसरीच्या मधल्या रकान्यात काकूंच्या वडिलांचे नाव होते आणि शेवटी माहेरचे आडनाव. उतारा उघडला. दादांच्या नावाखाली काकूंचे नाव, शेजारी फेरफाराचा क्रमांक. वारसनोंद वडील गेले त्या काळातलीच. दादांनी सही मागितली हे खरे. पण ती मिळाली नाही म्हणून बहिणीला वगळले नव्हते.

मी काकूंना बजावले, की हा उतारा नुसता पाहण्यापुरता. कामासाठी डिजिटल सहीचा काढावा, आणि सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा निकाल नव्हे. त्यांचे लक्ष नव्हते. त्या पडद्यावरच्या त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही रे त्याला," एवढेच म्हणाल्या.

काल जिन्यात भेटल्या, तेव्हा हातात पिशवी होती. लातूरच्या गाडीचे धाराशिवपर्यंतचे तिकीट काढले आहे म्हणाल्या. पुढे भाचा घ्यायला येणार आहे. पिशवीत काय आहे, विचारले.

"दादाला अनारसे आवडतात," काकू म्हणाल्या, "अजून आवडत असतील तर."