'ट्रिब्यूट' म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या महिन्यातली गोष्ट. पुण्यात एका पबमध्ये 'क्वीन'च्या गाण्यांचा ट्रिब्यूट होता. आमची अख्खी टीम गेली होती. तिकीट १२०० रुपये, खाणंपिणं वेगळं. गाणारा पोरगा आपल्यातलाच, दिवसा कुठल्यातरी कंपनीत टेस्टिंग करतो म्हणे. पिवळं जॅकेट घालून, खोटी मिशी चिकटवून स्टेजवर आला आणि पब्लिक येडं झालं. खोटं कशाला बोलू, मीही झालो. फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, १९९१ साली गेला. तिथे नाचणाऱ्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. परत येताना कॅबमध्ये आमचा टीम लीड भावुक होऊन म्हणाला, "यार, ही पोरं त्याला जिवंत ठेवतायत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

त्याच्या पुढच्या शनिवारी सोलापूरला चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. रात्री गाण्याचा कार्यक्रम ठेवायचं ठरलं आणि पार्टी बघायचं काम माझ्याकडे आलं. (घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून असली सगळी कामं माझ्याकडेच येतात. असो.) पार्टीच्या मालकांनी साउंडसकट १६ हजार सांगितले. आठ माणसं. दोन गाणारे, एक कीबोर्ड, एक ढोलकी, एक ऑक्टोपॅड आणि मागे कोरसला तिघं. मी काय केलं असेल? घासाघीस. "घरचाच कार्यक्रम आहे हो, १३ करा की." ते क्षणभर थांबले आणि "बघतो साहेब" म्हणाले. मी फोन ठेवला आणि तीन हजार वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

कार्यक्रम सुरू झाला. आधी गणपती, मग विठ्ठल, मग अंबाबाई. जवळजवळ सगळी गाणी प्रल्हाद शिंदे यांची. आजी अगदी पुढे बसली होती. तिसऱ्या गाण्याला तिने मला खूण करून जवळ बोलावलं. "ढोलकीवाला कुठाय रे?"

मी माणसं मोजली. सात. ढोलकी ऑक्टोपॅडमधून वाजत होती. इतका वेळ माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं! मध्ये चहा देताना विचारलं, तर मालक अगदी शांतपणे म्हणाले, "तेरामध्ये तेवढंच बसतं साहेब. तो आता मार्केट यार्डात हमालीला जातो. मोठा कार्यक्रम असला की बोलावतो."

म्हणजे मी जे तीन हजार वाचवले होते, तो एक माणूस होता.

रात्र इथेच संपली असती तरी मला पुरलं असतं. पण जेवणानंतर फर्माइशी सुरू झाल्या. माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र बुधवार पेठेतला आहे. त्याने चिठ्ठी पाठवली, एका भीमगीताची. तेही प्रल्हाद शिंदे यांनीच गायलेलं, गाजलेलं. गाणाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि आमच्या काकांकडे बघितलं. काका हसत हसत म्हणाले, "आज घरचा कार्यक्रम आहे, देवाचंच होऊ द्या." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पुढचं गाणं सुरू झालं. मित्राला घरी सोडायला गेलो तेव्हा गाडीवर मागे बसून तो एवढंच म्हणाला, "अर्धाच प्रल्हाद शिंदे पाहिजे होय बे तुमाला?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना हे नाव नुसतं ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रल्हाद शिंदे आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे. जन्म १९३३ चा. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव. तिथेच गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले, आणि त्यांची समाधी आहे पंढरपूरच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. पण त्या देवळाचं दार दलितांसाठी उघडलं १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. म्हणजे प्रल्हाद शिंदे ऐन पोरवयात होते तेव्हा त्यांना पंचवीस किलोमीटरवरच्या विठ्ठलाला आत जाऊन भेटायची मुभा नव्हती. आणि आज? 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागल्याशिवाय आषाढी आली असं आमच्याकडे वाटतच नाही. एसटी स्टँडवर, चहाच्या गाडीवर, देवळाच्या भोंग्यावर, सगळीकडे तोच आवाज. आंबेडकरी घरातला माणूस, कव्वालीवर पोसलेला गळा, आणि उभ्या महाराष्ट्राच्या वारीचा आवाज. हीच व्यक्ती त्याच ताकदीने बाबासाहेबांवर गायली. एकाच गळ्यातून दोन्ही आलं. त्यात त्यांना स्वतःला काही अडचण वाटली नाही. अडचण आपल्याला वाटते.

जून २००४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले. दीड-दोन महिन्यांत आंबेडकरी गाण्याचे दोन खांब पडले. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन, त्यामुळे मला आठवत नाही. पण गाणी मला पाठ आहेत. कशी? मी काही त्यांच्या कॅसेटी जमवलेल्या नाहीत. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद शिंदे, नातू आदर्श शिंदे मोठ्या स्टेजवर गातात, सिनेमात गातात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण सोलापूरच्या एखाद्या बोळातल्या बारशाला, जागरणाला, वास्तुशांतीला, जयंतीला काही शिंदे घराणं येत नाही. तिथे येतात ही सात-आठ माणसं. छोटा हत्तीत स्पीकर आणि सतरंजी टाकून. माझ्या कानावर ही गाणी पडली ती यांच्यामुळे.

आता मला सांगा, याला आपण ट्रिब्यूट का म्हणत नाही? पबमधला पोरगा 'आर्टिस्ट', आणि हे 'पार्टीवाले'. तिथे 'शो' असतो, इथे 'गाणंबजावणं'. मुंबई-पुण्यात आर. डी. बर्मनच्या ४ जानेवारीला आणि २७ जूनला हॉल भरतात, सॅक्सोफोन कोण वाजवतंय याची चर्चा होते, आणि व्हायलाच पाहिजे. मग ढोलकीवाल्याचं नाव विचारायला आपली जीभ का जड होते? मी तेरा हजार मोजले त्या रात्री, पण सातांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. पबमधल्या बँडच्या ड्रमरला मात्र मी इन्स्टाग्रामवर फॉलो करतो :)

यावर माझ्या ओळखीच्या लोकांकडून तीन उत्तरं आली. एकेक बघू.

पहिलं उत्तर, "ते नुसती नक्कल करतात." ठीक. मग चिकटवलेली मिशी काय होती? नक्कल हा जर गुन्हा असेल तर अख्खा ट्रिब्यूटचा धंदाच बंद करावा लागेल. १९९६ साली पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवायला 'ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो' या नक्कल करणाऱ्या बँडलाच बोलावलं होतं. ज्याची नक्कल होते त्याला चालतं, तर तुम्ही कोण? आणि खरं सांगू का, आमच्या पार्टीतला गाणारा नक्कल करतच नव्हता. त्याचा आवाज त्याचा होता. त्याने पट्टी स्वतःच्या गळ्याला लावून घेतली होती, मध्येच घरधन्याचं नाव गुंफलं, बायका टाळ्या वाजवायला लागल्यावर शेवटचं कडवं दोनदा घेतलं आणि लय चढवली. हे मिशी लावून जमत नाही.

दुसरं उत्तर चुलतभावाचं. "कशाला बे एवढा खर्च? ओरिजनल यूट्यूबवर आहे की. ब्लूटूथ स्पीकर लावला असता तर झालं असतं." हे ऐकून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आपल्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात, की बॅकअप घेतला म्हणजे सिस्टीम चालू आहे असं नाही. डेटा टेपवर पडून असतो, पण तो परत चढवणारा माणूस नोकरी सोडून गेला की ती टेप म्हणजे नुसती टेप. रेकॉर्डिंग हा बॅकअप आहे. चांगला आहे, असायलाच हवा. पण गाणं चालू राहतं ते वाजवणाऱ्या हातात. प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यातला ढोलकीचा ठेका कागदावर लिहून ठेवलेला मी तरी कधी पाहिला नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तो हात आता मार्केट यार्डात पोती उचलतोय, आणि ऑक्टोपॅडवर पोराने बटण दाबलं की 'ढोलकी' वाजते. अजून दहा वर्षांनी ऑक्टोपॅडवालाही जाईल, नुसता ट्रॅक येईल आणि एक माणूस माइक घेऊन त्यावर गाईल. मग आपणच म्हणू, "पूर्वीसारखी मजा नाही राहिली राव." मजा कुठे गेली? आपण ती फोनवर, तीन-तीन हजार करून, कमी करून घेतली.

तिसरं उत्तर काकांचं. ते सगळ्यात अवघड, कारण ते कोणी नीट बोलून दाखवत नाही. "त्यांची ती गाणी त्यांच्याकडे चालतात, आपल्याकडे कशाला?" म्हणजे विठ्ठलाचं गाणं 'आपलं' आणि भीमगीत 'त्यांचं'. गळा एकच, कोरसही तोच, पण गाळणी लावून अर्धं घ्यायचं. पबमध्ये कोणी उठून म्हणालं असतं का, की फ्रेडीची ही ही गाणी नकोत, ती 'त्यांच्यातली' आहेत? म्हणालं असतं तर आमच्या टीमने त्याला मागासलेला ठरवून ऑफिसात आठवडाभर सोललं असतं. तेच मी माझ्या काकांसमोर, माझ्याच घरच्या अंगणात, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चोखोबांचे अभंग गायचे आणि चोखोबांना पायरीबाहेर ठेवायचं, हे आपल्याला नवीन नाही. फक्त पूर्वी देवळाचं दार होतं, आता फर्माइशीची चिठ्ठी आहे.

आणि कृपा करून 'वातावरण बिघडतं' वगैरे सांगू नका. त्या रात्री काहीही बिघडलं नसतं. एक गाणं झालं असतं, पाच मिनिटांचं. पार्क चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर जयंतीला तीच गाणी लागतात आणि आषाढीला तीच माणसं विठ्ठलाची गाणी वाजवतात. वाजवणाऱ्यांनी भेद ठेवला नाही. ऐकणाऱ्यांनी ठेवला.

तर माझं म्हणणं सोपं आहे. ज्याला आपण ट्रिब्यूट म्हणतो त्याला तीन गोष्टी पूर्ण लागतात. गाणारा पूर्ण, म्हणजे त्याची सगळी गाणी, गाळणी न लावता. वाजवणारे पूर्ण, म्हणजे आठ तर आठ. आणि बिदागी पूर्ण, म्हणजे सांगितली तेवढी. यातलं एक जरी कापलं तरी ती श्रद्धांजली नाही, काटकसर आहे. पबमध्ये आपण तिन्ही देतो. कारण तिथे भाव करायची लाज वाटते. इथे लाज वाटत नाही, कारण समोरचा "साहेब" म्हणतो.

आपल्यासारख्यांनी मनावर घेतलं तर हे फार अवघड नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात एक संध्याकाळ, जून महिन्यात. तिकीट लावा, फुकट नको. पोस्टरवर प्रल्हाद शिंदे यांच्या फोटोखाली वाजवणाऱ्यांची नावं टाका, ढोलकीपासून कोरसपर्यंत. विठ्ठल आणि भीमगीतं एकाच कार्यक्रमात, मध्ये 'मध्यंतर' न टाकता. पुण्याहून सोलापूरला यायला चार तास लागतात. फ्रेडीसाठी आपण दिल्लीलासुद्धा गेलो असतो.

बाकी, उपदेश पुरे. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे हिशेब सरळ राहील. पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्याच पार्टीला फोन केला. आठ माणसं, १६ हजार, आणि फर्माइशीची कुठलीही चिठ्ठी परत जाणार नाही, असं आधीच सांगून टाकलं. मालक हसले. काकांनाही सांगितलं. ते हसले नाहीत. चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. आजी म्हणते, "मला ढोलकी पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा."

ढोलकीवाल्याचं अजून पक्कं नाही. यार्डात कांद्याची आवक चालू आहे, सुट्टी मिळाली तर येईल म्हणाले. सोमवारी कळवणार आहेत.