हे बिल्ले नव्हेत!

गेल्या वर्षीची सहामाही परीक्षा नुकतीच आटोपली होती. आठवीच्या वर्गावर इतिहासाचा तास होता, आणि मी खिशातून एक चांदीचे पदक काढून मुलांच्या हाती दिले. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत ते फिरले. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज, तिच्यात तोफ पाठीवर घेतलेला हत्ती, वर ‘अफगाणिस्तान’ ही अक्षरे आणि खाली १८७८-७९-८० हे सन. मुलांना अर्थातच हत्ती सर्वांत जास्त आवडला. तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीत आलो, तो तिथे माझ्यावर खटला उभा!

“मास्तर, हे गुलामीचे बिल्ले वर्गात कशाला फिरवता?” आमचे एक सहकारी गरजले. “इंग्रजांच्या चाकरीत आपल्याच लोकांवर बंदुका रोखणाऱ्यांचे हे दागिने. मुलांना दाखवायचेच तर हुतात्म्यांच्या तसबिरी दाखवा!”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. खोलीत ते देता आले नाही, कारण घंटा झाली. आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते मला सुचलेही नाही.

पदक आमच्या शेजारच्या आजींचे. त्यांचे यजमान रेल्वेत होते. दौंड-मनमाड मार्गावरच्या आमच्या बेलापूर स्टेशनात त्यांची नोकरी संपली आणि ते कुटुंब श्रीरामपुरातच राहिले. गल्लीतले निम्मे लोक आजींना ख्रिस्ती समजतात, उरलेले पारशी. आजी बेने इस्रायल आहेत, अलिबागकडच्या. शनिवारी घरात चूल पेटवायची नाही आणि नवस फेडायचा तो पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करून एलियाहू हन्नाबीच्या नावाने, हा त्यांचा धर्म; आणि दिवाळीत आमच्या घरी करंज्या लाटायला येणे हा त्यांचा शेजारधर्म. दोन्ही धर्म त्यांनी आजवर चुकवलेले नाहीत. आता मुलगी त्यांना इस्रायलला बोलावते आहे. सामानाची आवराआवर करताना एक पत्र्याची पेटी निघाली, ती घेऊन आजी माझ्याकडे आल्या. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले हे अफगाण युद्धाचे पदक, पहिल्या महायुद्धाचे एक चांदीचे पदक, खांद्यावर लावायचे पितळी अक्षर, आणि घडीवर फाटलेला पलटणीतून सुटल्याचा दाखला. “मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हाला हे वाचता येईल,” असे म्हणून त्यांनी पेटी टेबलावर ठेवली.

आता सहकाऱ्यांच्या मुद्द्याकडे वळू. राजाची किंवा राणीची मुद्रा असलेले पदक म्हणजे गुलामीचा बिल्ला, हे प्रमेय एकदा मान्य केले की ते सर्वांना सारखे लावले पाहिजे. आमच्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीतून लढले. जखमी सोबत्यांना त्यांनी गोळीबारातून उचलून आणले आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. त्यांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस. तो इंग्रज राजानेच दिला ना? मग जाधवांचे नाव निघताच आमचे हेच सहकारी छाती पुढे काढून “आपल्या जिल्ह्याचा माणूस!” असे कसे म्हणतात? २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी हैफा घेतले, तेही इंग्रजांच्याच सेनापतीखाली. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला २०१८ साली हैफाचे नाव देण्यात आले, तेव्हा ते घोडेस्वार गुलाम होते असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तात्पर्य, आक्षेप पदकाला नाही. ते कोणाच्या घरात आहे, त्यावर त्याचा धातू ठरतो. आपल्या ओळखीच्या आडनावाच्या घरी ते शौर्यपदक, आणि ज्यांची ओळख करून घेण्याची तसदी आपण घेतली नाही त्यांच्या घरी तो बिल्ला!

“पण जाधवांचे पदक पराक्रमाचे, हे तर नुसते हजेरीचे,” असाही एक सूर निघाला. हे खरे आहे. मोहिमेचे पदक मोहिमेवर गेलेल्या सर्वांनाच मिळे. आजींच्या सासरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले की खापरपणजोबा मैवंदहून परत आले. २७ जुलै १८८० रोजी मैवंदला मुंबई इलाख्याच्या पलटणींची कत्तल झाली. इंग्रजांच्या बाजूचे ९०० हून अधिक लोक पडले. ज्या लढाया जिंकल्या त्यांच्या नावाची पट्टी पदकाच्या फितीवर चढे. मैवंदची पट्टी निघालीच नाही. आजींचे पदकही बिनपट्टीचे आहे. हा काही पुरावा नव्हे, पिछाडीला राहिलेल्यांनाही बिनपट्टीचेच पदक मिळे, आणि घरची गोष्ट ही घरची गोष्ट असते. परंतु त्या रणातून जो जिवंत परतला त्याच्या हजेरीची थट्टा, पंख्याखाली बसून हजेरीपटावर सही करणाऱ्या आम्ही शिक्षकांनी तरी करू नये.

मुळात हे लोक कंपनीच्या फौजेत गेले का? कोकणच्या किनाऱ्यावर त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडायचा. दिवे, पेण, रोहे, नवगाव, केहीम या गावांवरून त्यांची दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर ही आडनावे पडली. त्यांतली काही घराणी आधी आंग्र्यांच्या आरमारात होती, हे आमच्या देशभक्त मित्रांना ठाऊक नसते. पुढे राज्ये बुडाली, मुंबई वाढली, आणि कंपनीच्या पलटणीत तेल्याच्या पोराला सुभेदार होता येऊ लागले. जी वाट महार शिपायांना दिसली, तीच यांना दिसली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार होते, आणि त्या सुभेदारीतून काय उगवले ते साऱ्या देशाने पाहिले आहे. ज्याला गावात मान नव्हता त्याने गणवेशात तो शोधला. त्याला ‘गुलाम’ म्हणण्यापूर्वी गावाने स्वतःचा हिशेब द्यावा! शिवाय इंग्रज काही यांचा मामा लागत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जातवार पलटणींची टूम निघाली, तेव्हा महारांची भरती थांबली आणि मूठभर बेने इस्रायलांनाही पलटणीत जागा उरली नाही. ते कारकुनीत, इस्पितळात आणि रेल्वेत गेले. आजींच्या घरचा प्रवासही असाच झाला.

आणि काही जणांनी त्या चाकरीतून काय उभारले तेही पाहा. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून ते वाचले, असे परंपरा सांगते. सुटल्यावर त्यांनी नवस फेडला आणि १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रोज हजारो माणसे त्या स्टेशनात चढतात-उतरतात. त्यांतल्या कितीजणांना सामाजी ठाऊक आहे?

नावावरून आठवले. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचे नाव कोरलेले असते. वर्गात ते कोणा मुलाच्या लक्षात आले नाही, आणि माझ्याही आले नव्हते. घरी भिंगाने पाहिले. नावाच्या शेवटी ‘जी’, आणि आडनावाच्या जागी ‘इस्रायल’. ते पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कोकणात या लोकांनी सॅम्युएलचा सामाजी केला होता, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मूसाजी. पुढे शहरात शिक्षण आले आणि नातवांनी पुन्हा बायबलातली नावे घेतली. घरातल्या कागदांवरून ‘जी’ गेला, बोलण्यातून गेला. राहिला तो राणीच्या पदकाच्या कडेवर. ज्याला आमचे मित्र इंग्रजांचा बिल्ला म्हणतात, त्यावर त्या माणसाचे मराठीपण रुप्यात कोरलेले आहे. ते वितळवा म्हणणाऱ्यांना मी देशभक्त म्हणणार नाही. त्यांना फार तर सराफ म्हणता येईल, तेही अडाणी!

जर्मनीतल्या ज्यू कुटुंबांनीही पदके जपली होती. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू कैसरच्या फौजेत होते; सुमारे १२ हजार कामी आले. हिटलर आला तेव्हा पुष्कळांनी लोखंडी क्रॉस बाहेर काढला. त्यांना वाटले, हा पाहिल्यावर तरी हे आपल्याला परके म्हणणार नाहीत. तो क्रॉस त्यांना वाचवू शकला नाही. जे पळून हिंदुस्थानात आले त्यांच्यापैकी काहींना इंग्रजांनी १९३९ साली ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून आमच्या नगरच्याच छावणीत कोंडले, हाही एक विनोदच. आपल्याकडे ज्यूंचा छळ कधी झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु छळ केला नाही एवढ्यावर शेजाऱ्याचे कर्तव्य संपते काय? १९६५च्या युद्धात आपल्या आरमाराच्या ताफ्याचे नेतृत्व करणारे बेंजामिन अब्राहम सॅमसन हे बेने इस्रायल. १९७१ साली ढाक्यात नियाझीला शरणागतीच्या कागदापर्यंत आणणारे जनरल जेकब, पुढे गोव्याचे राज्यपाल, हे कलकत्त्याचे बगदादी ज्यू. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली; तोपर्यंत बहुतेक घरांना कुलपे लागली होती.

कुलूप लागलेल्या घरातल्या पेट्या कुठे जातात? पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा फडक्यावर मांडलेली पदके मी पाहिली आहेत. दुकानदाराने एक उचलले, हातात तोलले आणि म्हणाला, “चांदी चोख आहे, साहेब.” कडेवरचे नाव त्याने वाचले नव्हते. शौकीन ग्राहक ते वाचतो खरा, पण एका माणसाची तीन पदके तीन शौकिनांकडे जातात आणि माणूस तीन ठिकाणी विखुरतो. संग्रहालयात द्या म्हणावे, तर तिथे तळघरातला एखादा खण मिळेल आणि एक आकडा.

आणि सोबत न्यावे तर कायदा आडवा येतो. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे पुरावस्तू, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कायदा मूर्ती-चोरांसाठी केला, तो योग्यच आहे. परंतु त्याच्या शब्दांत आजींचे पदकही बसते. मी हे समजावून सांगितले तेव्हा आजी जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मास्तर, इथे हे कुणाला नको, आणि मला नेऊही देणार नाही?”

यावर मजपाशी उत्तर नव्हते. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिले आहे. ही पुरावस्तू ठरते की नाही, आणि ठरत असल्यास पणतीला पणजोबांचे पदक नेण्याची काही वाट आहे का, असे विचारले आहे. तोपर्यंत दाखल्याची नक्कल उतरवली. प्रत्येक वस्तू कोणाची, कोणत्या गावची, घरात तिच्याविषयी काय सांगत आले, हे आजींच्या तोंडून ऐकून मराठीत लिहून काढले. मैवंदच्या गोष्टीपुढे ‘घरात सांगतात’ असे मुद्दाम लिहिले. कागद लुगड्याच्या त्याच तुकड्यात ठेवला. पेटी अजून माझ्या टेबलावर आहे.

आमच्या सहकाऱ्यांना मी यंदा भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाला बोलावले आहे. आजी करंज्या घेऊन येणार आहेत. भिंग घासून पुसून ठेवले आहे. “येईन, पण माझे मत बदलणार नाही,” असे सहकाऱ्यांनी आधीच बजावले आहे.