ठराव देण्याआधी जमीन खणून बघा



वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, समाजमंदिर अशा कामांना वनजमीन मिळू शकते. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, आणि हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत. पण मोठी अट म्हणजे ग्रामसभेची शिफारस. म्हणजे जागा कुठली, हे सांगायचा हक्क आपला आहे. आपण तो लढून घेतलाय.

पण वापरतो कसा? लिहिलेला ठराव समोर येतो, आपण सह्या-अंगठे देतो. जागा ठेकेदारानं आधीच हेरलेली असते, जिथं त्याचा ट्रॅक्टर पोचतो ती. जमिनीच्या पोटात काय आहे, हे कोणी बघत नाही. त्या छपराखाली पोरं मात्र आपली बसणार.

माळीण आठवा. आंबेगाव तालुक्यातलं महादेव कोळ्यांचं गाव. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर घरांवर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. पुढं सरकारनं उतार कापून, भराव टाकून नवं गाव बसवलं. एप्रिल २०१७ मध्ये घरं दिली आणि त्याच जूनच्या पावसात रस्ते खचले, भराव सुटला. घरं पक्की होती, पण नुसतं घर पक्कं असून भागत नाही. खालची जमीनही पक्की पाहिजे.

जमीन वरून सारखी दिसते, आतून नसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यात उथळ पाया घातला की भिंत दरसाल हलते आणि तिरकी चीर पडते. पाया काळी माती ओलांडून खाली मुरमात नाहीतर खडकात गेला पाहिजे. भराव त्याहून वाईट. थराथरानं पाणी मारून दाबला नाही, तर तो बसत राहतो. उतारावर पाणी मुरून माती जड झाली, की ती सरकते.

ओळखायचं कसं? जागेच्या चारी कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक खड्डा खणा, पाया जाणार त्याहून खोल. माती भुसभुशीत असेल तर खोल खड्ड्यात कुणी उतरू नका, कडा ढासळते. कुठल्या खोलीवर कुठली माती लागली, तिचे वेगळे ढीग करा. पाणी कुठं लागलं ते लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना विचारा: श्रावणात इथं पाझर फुटतो का? ओहोळ पूर्वी कुठून वाहायचा? वरची झाडं कलली आहेत का? हे सायबाच्या कागदात नसतं. पण जमीन किती वजन पेलेल, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याला इंजिनियरची तपासणीच लागते. दोन्ही पाहिजे.

म्हणून यापुढं ठरावात एवढं लिहूनच घ्या:

१. खड्डे ग्रामसभेच्या माणसांसमोर खणले जातील.
२. माती तपासणीचा अहवाल मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.
३. पायाची खोली त्या अहवालाप्रमाणे अंदाजपत्रकात धरली जाईल.
४. जमीन खराब निघाली तर दुसरी जागा ग्रामसभाच सुचवेल.
५. गावानं पाया बघितल्याशिवाय तो बुजवायचा नाही. मोजमाप वहीत लिहिलेली खोली आणि खरी खोली एक आहे का, ते दोरी टाकून बघायचं.

कागद देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा.

“मार्च आलाय, निधी परत जाईल,” असं सांगून घाई करतील. पाच खड्डे खणायला एक-दोन दिवस लागतात. खचलेली शाळा पुन्हा बांधायला किती वर्षं लागतात, ते त्यांनाच विचारा.

आणखी एक. उद्या कोणी “तुमची जमीन धोक्याची आहे” म्हणून पाडा उठवायला आलं, तर त्यालाही हाच प्रश्न करा: तपासणी कुठं केली, कधी केली, अहवाल कुठं आहे? धोका खरा असेल तर आपणच आधी हलू, पण कुठं जायचं ते ग्रामसभेत बसून ठरवू. आणि त्या नव्या जागेतही आधी खड्डे खणू.

जमीन आपली म्हणायची, तर तिच्या पोटात काय आहे तेही आपल्याला ठाऊक पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या.

जिंदाबाद!