मागचा दिवा आधी घ्या!

हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेचे जादा तास किंवा कारखान्यातली पाळी संपवून सायकलने गावाकडे निघालेल्यांना शेवटचे तीन-चार किलोमीटर काळोखातच कापावे लागतात. बिहारमध्ये २००६ साली शाळकरी मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. घरात सायकल आली की कुलूप, घंटी, बास्केट यांची हौसेने खरेदी होते. दिव्याचे मात्र ‘घेऊ नंतर’ म्हणून राहून जाते.

दिव्याची कामे दोन : आपल्याला रस्ता दिसणे आणि इतरांना आपण दिसणे. बहुतेक जण पहिल्याच कामाचा विचार करतात. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. ब्रेक लावून थांबेपर्यंत ती ४० मीटरच्या आसपास अंतर कापते. डीम केलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतला सायकलस्वार एवढ्या लांबून दिसेलच, याची खात्री नसते. म्हणून पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर आधी मागचा लाल दिवा घ्या.

मागचा दिवा
हा दिवा फार प्रखर नको. स्थिर, लाल आणि उघडा दिसणारा हवा. लुकलुकणारा दिवा चटकन नजरेत भरतो, पण काळोखात त्याच्या अंतराचा अंदाज नीट येत नाही. म्हणून सामसूम रस्त्यावर तो स्थिरच ठेवा. सीटखाली लावलेला दिवा दप्तर, दुधाची किटली किंवा ओढणीने झाकला जातो. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर बसवा.

पुढचा दिवा
शहरात ५० ल्युमेनचा दिवा पुरतो, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर खड्डा वेळेवर दिसायला २०० ते ४०० ल्युमेन हवेत. ताशी १८ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. झोत १० मीटरवर पडत असेल, तर सावरायला फक्त दोन सेकंद मिळतात. मात्र नुसत्या आकड्याला भुलू नका. टॉर्चसारखा गोल झोत निम्मा झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वरच्या बाजूने कापलेला, रस्त्यावर आडवा पसरणारा झोत चांगला. जर्मनीत तर सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा नियमच आहे. दिवा किंचित खाली झुकवा. हँडलवरच्या दिव्यासमोर बास्केट येत असेल, तर तो बास्केटच्या पुढे बसवून घ्या.

डायनामो की चार्जिंग?
टायरवर घासणाऱ्या जुन्या ६ व्होल्ट, ३ वॅटच्या डायनामोला चार्जिंगची कटकट नाही. पण सायकल थांबली की साधा दिवा विझतो आणि चिखलात डायनामोचे चाक घसरते. चार्जिंगचे एलईडी दिवे सोयीचे असतात. मात्र घेताना पूर्ण प्रकाशावर किती तास चालतो, हे विचारा. रोज जाऊन-येऊन तासभर अंधार लागत असेल, तर निदान तीन तास चालणारा घ्या. वीज जाणाऱ्या गावात सुटे सेल बदलता येणारा दिवा बरा. पावसाळ्यासाठी खोक्यावर ‘आयपीएक्स ४’ किंवा त्याहून वरचा आकडा पाहा.

थोड्या खर्चात
दिव्याबरोबर रिफ्लेक्टर हवेतच, कारण त्यांना ना सेल लागतो, ना चार्जिंग. पॅडलवरचे रिफ्लेक्टर पाय मारताना वरखाली होतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच उमगते. मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावा. फिकट रंगाचा स्वेटर घाला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलींना पुष्कळदा मागे दिवा नसतो. हंगामात वेग कमीच ठेवा.

दिवा बसवल्यावर संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी सायकलवर बसवून रस्त्यावर पाठवा आणि आपण ५० पावले मागे उभे राहा. लाल दिवा स्पष्ट दिसला, तरच खरेदी सार्थकी लागली. हीच तपासणी दर महिन्याला करा. मुलगी अंधारातून यायची असेल, तर दिवा चार्ज झाला का, हे डब्याइतकेच आठवणीने पाहा.