आजोबांची सुई

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, "बाई, आमच्या आजोबांच्या साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. आता रोज सुई. म्हणजे ते बरे नाही का होणार?" तिच्या घरी कुणीतरी म्हणालं होतं, "सुई लागली म्हणजे संपलंच!" हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येतं. म्हणून उत्तर तिला एकटीला न देता तुम्हां सगळ्यांना देते. घरच्या मोठ्यांनीही वाचलं तर बरंच.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिथं इन्शुलिन तयार होतं. रक्तातली साखर पेशींमध्ये शिरते ती त्याच्यामुळे. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात आधी शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, नि वर्षं जातात तसं स्वादुपिंडही थकतं. काही गोळ्या त्याला जास्त इन्शुलिन सोडायला लावतात. पण विहीरच आटली, तर पंप कितीही मोठा लावून काय उपयोग? मग पाणी बाहेरूनच आणायचं. आजोबांनी चोरून लाडू खाल्ले म्हणून ही शिक्षा झाली, असं मुळीच नाही.

"मग इन्शुलिनचीच गोळी का नाही?" बरोबर विचारलंत! इन्शुलिन हे प्रथिन आहे. गिळलं तर ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. म्हणून ते कातडीखाली टोचतात.

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटो इथं फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं, फारसा गुण आला नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेलं दिलं, तेव्हा मात्र साखर उतरली. त्याआधी असा मधुमेह झालेली मुलं फार दिवस जगत नसत; लेनर्ड आणखी १३ वर्षं जगला. बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा. म्हणून आपला बालदिन हाच जागतिक मधुमेह दिनही असतो, बरं का!

आता घरातलं. सुई अगदी बारीक असते. पोटावर किंवा मांडीवर टोचतात आणि जागा रोज थोडी बदलतात, नाहीतर तिथं गाठ येते. खरी अडचण वेळेची असते. जेवणाआधीचं इन्शुलिन घेतलं आणि पाहुणे आले म्हणून जेवण तासभर लांबलं, असं आता चालत नाही. साखर एकदम खाली येते. आजोबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, ते उगाच चिडले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर ते तुमच्या लक्षात आधी येईल, कारण तुम्हीच त्यांच्याजवळ खेळत असता. लगेच मोठ्यांना हाक मारा. आजोबा शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्यायचं, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर सिरिंजही ४० चीच हवी, लाल टोपणाची. १०० ची वापरली तर मात्रा चुकते. आणि साखर चांगली आली म्हणून मनानं इन्शुलिन बंद करू नका. कमी करायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

सुरुवातीचे काही दिवस आजोबा गप्प गप्प राहतील. लग्नकार्यात दार लावून टोचून घेतील. तेव्हा "दुखतं का हो?" असं दहादा विचारू नका. बाटली फ्रीजच्या दारात ठेवायला मदत करा, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. वापरलेल्या सुयांना मात्र तुम्ही हात लावायचा नाही. त्या आजोबांनीच झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायच्या. उघड्या कचऱ्यात टाकल्या तर सकाळी घंटागाडीवर येणाऱ्या काकांच्या हाताला टोचतील.